जोखीम कोणाची?

आमचे वडील दलाल होते. हे वाक्य लिहिताना आजही लेखणी क्षणभर अडखळते. 'ब्रोकर' म्हटले की कोट घातलेला, चष्मा लावलेला गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. 'दलाल' म्हटले की दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही गंडवणारा इसम. खरे पाहता पपा नावाने दलालही नव्हते. दलाल स्ट्रीटवरच्या एका पेढीत ते १९५८ साली कारकून म्हणून लागले आणि १९९७ साली त्याच पेढीतून निवृत्त झाले. परंतु आमच्या गावात, म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत, त्यांना सारे 'शेअरवाले' म्हणत. गावातल्या लोकांचे सौदे ते पेढीकडे नेत आणि पेढी त्यांवरच्या दलालीतला हिस्सा त्यांना देई. तेव्हा तो शब्द त्यांना लागू पडतोच, आणि त्यांनी स्वतः तो कधी नाकारला नाही.

२०१६ साली ते निवर्तले. अंत्यविधीच्या मिस्साचे प्रवचन आम्हीच केले. त्यांची रोजची जपमाळ, कपेलाच्या जीर्णोद्धाराचे खजिनदार म्हणून त्यांनी ठेवलेला चोख जमाखर्च, आजाऱ्यांना भेटण्याची त्यांची सवय, सारे सांगितले. ज्या कामात त्यांच्या आयुष्याची एकोणचाळीस वर्षे गेली, त्या कामाविषयी मात्र एक वाक्यही आमच्या तोंडून निघाले नाही. पैशाविषयी वेदीवरून बोलायचे तर आम्हा धर्मगुरूंना दोनच गोष्टी बोलता येतात: दान करा, नाहीतर मोह आवरा. तिसरी भाषा आम्हांला कोणी शिकवली नाही. शिवाय जे सांगण्याजोगे होते, ते पहिल्या बाकावर आई बसलेली असताना सांगणे शक्य नव्हते. ते आज तिच्या परवानगीने लिहीत आहोत.

मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा. स्वतंत्र भारताच्या नव्या कायद्याखाली त्याला १९५७ साली सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी पपा तेथे पोहोचले. गुजराती आणि पारशी पेढ्यांच्या त्या गल्लीत वसईचा मॅट्रिक झालेला ख्रिस्ती मुलगा कसा शिरला, याची कथा ते दर वेळी थोडी निराळी सांगत. गुजराती मात्र ते अस्खलित शिकले. वलणाचा हिशेब ते अखेरपर्यंत मनातल्या मनात गुजरातीतच मांडत. पहाटे एसटीने स्टेशन, तेथून गाडीने चर्चगेट, पुढे फ्लोरा फाउंटनवरून पायी. रिंगमध्ये उभे राहून ओरडणे हे त्यांचे काम नव्हे. रिंगमध्ये तोंडी झालेला सौदा संध्याकाळी कागदावर उतरवणे, कॉन्ट्रॅक्ट नोटा लिहिणे, ट्रान्सफर फॉर्मवरच्या सह्या ताडून पाहणे, 'बॅड डिलिव्हरी' म्हणून परत आलेले कागद पुन्हा ज्याच्या त्याच्याकडे धाडणे, असे ते काम. तेव्हा शेअर म्हणजे कागद होता, आणि मालकाची सही जराशी वाकडी आली की तो कागद परत येई. १९९५ साली संगणक आले आणि रिंगचा आरडाओरडा थांबला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर कागदही नाहीसा होऊ लागला. पपा म्हणत, माझ्या निवृत्तीची इतकी मोठी तयारी सरकारने करायला नको होती.

(१९९३ च्या मार्चमध्ये बाजाराच्या इमारतीत झालेल्या बॉम्बस्फोटाविषयी येथे लिहीत नाही. पपा त्या दुपारी पेढीच्या कामाने बँकेत गेले होते म्हणून वाचले. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. आम्हीही बोलत नाही.)

गावाला त्यांनी शेअर दाखवले ते सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावा लागला, आणि त्यांचे शेअर भारतीयांना विक्रीस आले. त्यांची किंमत सरकारी नियंत्रक ठरवून देई आणि ती बाजारात मिळाली असती त्याहून पुष्कळदा बरीच कमी असे. अर्ज फार आले की सोडत निघे. पपा पिशवी भरून अर्ज आणत आणि रविवारी मिस्सानंतर आमच्या ओट्यावर बसून शिक्षकांचे, गिरणी कामगारांचे, गोदीतल्या कारकुनांचे अर्ज भरून देत. ज्यांना शेअर लागले त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरांवर पुढे कौलांच्या जागी स्लॅब आला. त्याच सुमारास गावच्या प्रमुख धर्मगुरूंनी एका प्रवचनात शेअर म्हणजे जुगार असे सांगितले. पपा तेव्हा पुढून तिसऱ्या बाकावर बसले होते. पुढल्या रविवारीही ते तेथेच बसले.

वास्तविक पैशाच्या व्यवहाराचे आमच्या समाजाला वावडे नव्हते. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ सालीच सहकारी पतसंस्था काढली होती आणि तिची पुढे बँक झाली. सावकाराच्या वहीत शेतकऱ्याचे काय होते ते गावाने पाहिले होते. पतपेढीत ठेवलेला पैसा शेजाऱ्याच्या रहाटाला, शेजाऱ्याच्या बैलाला लागतो हे दिसत होते. शेअरचा पैसा कोठे जातो ते दिसत नव्हते, एवढाच फरक. पपांनी आपल्यापुरता तो फरक मिटवण्याचा एक मार्ग काढला होता. कंपनीचा वार्षिक अहवाल आला की ते तो शेवटाकडून वाचीत: आधी लेखापरीक्षकांचा अभिप्राय, मग बारीक टाइपातल्या टिपा, आणि अध्यक्षांचे भाषण वेळ उरला तर. आणि सुटीच्या दिवशी ते कारखाना पाहायला जात. लहानपणी त्यांचे बोट धरून आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कितीतरी फाटकांसमोर उभे राहिलो आहोत. आत जाता येत नसे. फाटकातून बाहेर पडणारे ट्रक आम्ही मोजायचे आणि पपा ते डायरीत टिपायचे, असा तो खेळ. परतताना उसाचा रस मिळे.

भांडवल लावण्याच्या क्रियेला मराठीने 'गुंतवणूक' हा शब्द दिला आहे. पैसा गुंततो त्याच क्रियापदाने जीवही गुंततो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना या शब्दाची आठवण आम्हांला पुन्हा पुन्हा होई. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात व्याजाच्या प्रश्नाचा ऊहापोह केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उसन्या दिलेल्या पैशाची मालकी घेणाऱ्याकडे जाते, तो त्याच्या हातून बुडाला तरी त्याला मुद्दल फेडावेच लागते. म्हणून देणाऱ्याने मुद्दलावर आणखी काही मागणे अन्यायाचे. परंतु जो व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या धंद्यात भागीदार म्हणून पैसा घालतो, त्याचा पैसा त्याचाच राहतो. धंदा बुडाला तर त्याचा पैसा बुडतो. म्हणून धंदा चालला तर नफ्यातला वाटा मागण्याचा त्याला हक्क आहे. पुढच्या शतकांत ख्रिस्तसभेची भूमिका सावकाश बदलत गेली. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने व्याजखोरांचा कडक शब्दांत निषेध केला होता. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी निव्वळ कर्जावरचे व्याज आणि इतर न्याय्य करारांतला लाभ यांतला भेद स्पष्ट केला. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये वाजवी व्याजाला जागा मिळाली. पण थॉमस यांनी रोवलेली खूण आपल्या जागी राहिली. जो जोखीम उचलतो त्याने लाभ घ्यावा.

हे सारे आम्ही गोरेगावच्या सेमिनरीतून सुटीला घरी आल्यावर पपांना मोठ्या उत्साहाने सांगितले होते. शेअर म्हणजे जुगार नव्हे याला आता एका महान संताचा आधार मिळाला, असा आमचा आविर्भाव होता. पपांनी ऐकून घेतले. "बरे आहे," म्हणाले.

आता मूळ घटनेकडे येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर पडली. पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवलेल्या जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच काळात, आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जमीन विकून हाती आलेल्या पैशाचे पुढे काय झाले, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या आळीत एक मावशी राहत. यजमान गोदीत होते, ते अकाली गेले. पदरी दोन मुली. मावशींनी वाडीचा एक कोपरा विकला आणि साठ हजार रुपये स्टीलच्या डब्यात घालून आमच्या ओट्यावर आणून ठेवले. "भाऊ, तुम्हांला योग्य वाटेल तसे करा," एवढेच म्हणाल्या.

विधवेच्या पैशातला तिसरा हिस्सा शेअरांत, दोन हिस्से बँकेत, हा पपांचा वर्षानुवर्षांचा नियम. या वेळी त्यांनी तो उलटा केला. वीस हजार बँकेत ठेवले आणि चाळीस हजारांचे, शंभर रुपये भावाने, एका कंपनीचे चारशे शेअर घेतले. महिना होता जानेवारी १९९२. १९९० च्या जुलैमध्ये प्रथमच एक हजाराला पोहोचलेला बाजाराचा निर्देशांक त्या एप्रिलमध्ये साडेचार हजारांच्या जवळ जाणार होता. शहाणीसुरती माणसे नियम मोडत होती आणि नियम मोडणाऱ्यांचेच भले होत होते. पपांनी निवडलेली कंपनी हर्षद मेहतांच्या आवडत्या कंपन्यांपैकी नव्हती; तिचा अहवाल त्यांनी शेवटाकडून वाचला होता, फाटकासमोर उभे राहून ट्रकही मोजले होते. एप्रिलच्या २३ तारखेला बँकांच्या रोख्यांतल्या गैरव्यवहाराची बातमी वृत्तपत्रात आली आणि बाजार कोसळू लागला. वर्षभरात निर्देशांक निम्म्याच्या आसपास आला. मावशींचा शंभराचा शेअर पस्तिसावर. पुढे १९९६ साली त्या कारखान्याला कुलूपच लागले. ट्रक खरोखरच भरलेले जात होते. माल उधारीवर जात होता, आणि तसे काही ट्रकवर लिहिलेले नसते.

१९९३ च्या मे महिन्यात आम्ही घरी होतो. एका रात्री ओट्यावर पपांनी विचारले, "मावशीच्या पैशाचे मी काय देणे लागतो?" आम्ही तेव्हा ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षात होतो आणि भरपाईचा अध्याय आमच्या जिभेवर होता. नुकसानीची भरपाई सद्‌सद्विवेकाला बंधनकारक ठरण्यासाठी तीन अटी लागतात, असे आम्ही त्यांना समजावले: कृती अन्याय्य असली पाहिजे, नुकसान त्या कृतीमुळेच झाले असले पाहिजे, आणि कर्त्याचा त्यात जाणता दोष असला पाहिजे. तुम्ही फसवले नाही, निष्काळजीपणा केला नाही, मावशींनी आपखुशीने पैसा दिला. तेव्हा तुम्ही काही देणे लागत नाही. उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे अचूक होते. परीक्षेत आम्हांला त्यावर गुणही चांगले मिळाले असते.

पपा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिच्या सौद्यावर मला दलालीचा हिस्सा मिळाला. भाव चढला असता तरी मिळाला असता, पडला तरी मिळाला. उद्या ती हे शेअर विकायला आली तर पुन्हा मिळेल. तू मागे सांगितलेस की जो जोखीम घेतो त्यानेच लाभ घ्यावा. मग माझ्यासारख्याला तुझ्या त्या संताने काय नाव दिले आहे?"

आम्हांला उत्तर आले नाही. खरे तर उत्तर आहे, आणि ते आम्हांला पुढे सुचलेही: दलाली हे श्रमाचे मोल आहे. कागद लिहिण्याचे, सह्या जुळवण्याचे, ट्रक मोजण्याचे ते वेतन. त्याला जोखमीची अट लागू नाही. शिक्षकाचा विद्यार्थी नापास झाला तरी शिक्षकाला पगार मिळतोच. हे उत्तर आजही आम्हांला तर्काने खोडता येत नाही. पण पपांना ते सांगितले असते तर ते पुन्हा "बरे आहे" म्हणाले असते, याची आम्हांला खात्री आहे.

त्यांनी केले ते असे. जूनमध्ये ते मावशींकडे ट्रान्सफर फॉर्म घेऊन गेले आणि चारशेपैकी पन्नास शेअर त्यांनी स्वतः विकत घेतले. शंभर रुपये भावाने, म्हणजे मावशींच्या खरेदीच्या भावाने. पाच हजार रुपये रोख मोजले, मुद्रांक चिकटवले, मावशींकडून सही घेतली. मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे, सही दर वेळी निराळी. तेव्हा कंपनीकडच्या नमुन्याशी जुळेपर्यंत पपांनी त्यांच्याकडून ती जुन्या वहीच्या पानावर गिरवून घेतली. दान देत आहोत असा शब्द त्यांनी उच्चारला नाही. हा सौदा होता. फक्त या सौद्यावर दलाली नव्हती. असे पन्नास-पन्नासांचे आठ सौदे झाले, शेवटचा १९९९ च्या डिसेंबरात. शेवटचे दोन गठ्ठे पपांच्या नावावर चढलेच नाहीत, कारण नाव चढवणाऱ्या कचेरीलाच कुलूप होते. मावशींना बाजारभाव ठाऊक होता की नाही, हे आम्हांला आजवर कळलेले नाही. दर सौद्याला त्या आमच्या घरी सुकेळीचा पुडा पाठवीत.

आईला मात्र बाजारभाव ठाऊक होता. पपांचा पगार तेव्हा महिना तीन हजारांच्या आसपास. आमच्या घराची कौले दोन पावसाळे बदलायची राहिली. स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली मांडून ठेवावी लागत. "तिचा पैसा तो पैसा, आणि आमचा काय पाण्यातून वर आला?" असे ती म्हणे. आमच्या धाकट्या बहिणीला एका खाजगी संस्थेत अभियांत्रिकी पदविकेचा प्रवेश मिळत होता. शुल्क भरता आले नाही. ती बालवाडीची शिक्षिका झाली आणि चांगली झाली, पण ते तिने निवडलेले नव्हते. याविषयी तिला आम्ही अलीकडे विचारले. "पपांनी केले ते बरोबर केले," ती म्हणाली, "पण मला विचारून करायला हवे होते. मी हो म्हटले असते."

या एका वाक्यापुढे आमचे सारे नीतिशास्त्र थबकते. पपा आपला दोष फेडत होते, पण घरच्या पैशातून. आणि घर हे केवळ त्यांचे नव्हते. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याच्याविषयी पौलाने तीमथ्याला काय कळवले आहे ते वाचकांना ठाऊक आहे. शिवाय काटेकोरपणे पाहिले तर पपांनी मावशींची गुंतवणूक बिनधोक करून टाकली. भागीदारीचा नफा हवा पण बुडण्याची हमी दुसऱ्याने घ्यावी, अशा करारांचा पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८६ साली निषेध केला होता. शेअर वर गेले असते तर नफा मावशींचा. पडले तर तोटा पपांचा. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने पपांनी एक चूक निस्तरताना दुसरी केली. आम्ही हे लिहितो आणि आम्हांलाच त्याची लाज वाटते. परंतु लाज वाटते म्हणून तर्क चुकीचा ठरत नाही.

१९९५ साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मत्तयच्या शुभवर्तमानातल्या तीन चाकरांच्या दृष्टान्तावर आम्ही पहिल्यांदा प्रवचन केले. पपा ऐकायला आले होते. धन्याने दिलेल्या पैशावर व्यापार करून दोघांनी तो दुप्पट केला, तिसऱ्याने भीतीपोटी पुरून ठेवला आणि धन्याचा रोष ओढवून घेतला, हे आपण सारे जाणतो. मिस्सानंतर पपा म्हणाले, "फादर, या गोष्टीत एक चाकर कमी आहे. ज्याने व्यापार केला आणि सगळे बुडाले, तो. त्याला धन्याने काय म्हटले असते?" त्या वर्षीच तो कारखाना बंद झाला होता आणि चार गठ्ठे घ्यायचे बाकी होते. धन्याने त्याला क्षमा केली असती, असे आम्ही म्हणालो. "धन्याचे पैसे असते तर केली असती," पपा म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

आज आमच्याकडे येणाऱ्या तरुणांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात अख्खा बाजार. कोणाला फाटकापुढे उभे राहावे लागत नाही, कोणाची सही जुळवावी लागत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांच्या काळात तोट्यात गेले; एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. या प्रत्येक व्यवहारावर मधल्या माणसाचे शुल्क वसूल झालेलेच आहे. आमच्या धर्मग्रामातला एक मुलगा आईचे दागिने गहाण टाकून त्या ९३ टक्क्यांत जाऊन बसला. त्याला सल्ला देणारा कोण होता असे विचारले तर म्हणाला, कोणी नाही, पडद्यावर एक जण बोलत होता. त्या बोलणाऱ्याच्या घरात पातेली मांडलेली नसणार.

पण पडद्यावरच्या माणसाला बोल लावणे आम्हांला शोभत नाही. सल्ला देणे हा आमचाही धंदा आहे, आणि आमचे मानधन सल्ला फळला काय, फसला काय, सारखेच. धर्मग्रामाचा शिल्लक पैसा योग्य ठिकाणी गुंतवणे हे १९८३ च्या कॅनन लॉने आमच्यावर सोपवलेले काम आहे. वित्त समितीत आम्ही त्यावर मत देतो. पैसा बुडाला तर तो धर्मग्रामस्थांचा बुडेल. अर्थात तेथे समिती असते, हिशेब तपासनीस असतात. याहून जड असे एक उदाहरण आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक विवाहिता आमच्या कार्यालयात आली. (ही गोष्ट प्रायश्चित्त संस्कारातली नाही, तिचे आईवडील सोबत बसलेले होते, आणि येथे ती लिहिण्यास तिने स्वतः होकार दिला आहे.) नवऱ्याचे घर सोडून ती माहेरी आली होती. आम्ही नवऱ्याला बोलावले, दोघांशी बोललो, तो रडला, त्याने वचन दिले. आम्ही तिला परत जाण्याचा सल्ला दिला. विवाहाच्या पावित्र्याविषयी जे म्हणालो ते आजही खोटे मानत नाही. चार महिन्यांनी ती इस्पितळात होती. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

तिन्ही अटी लावून आम्ही पाहिल्या आहेत. कृती अन्याय्य नव्हती. तो मार आम्ही मारला नाही. जाणता दोष नव्हता. आम्ही चौकशी केली होती, म्हणजे आमच्या परीने ट्रक मोजले होते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे आम्ही काही देणे लागत नाही, आणि आमच्या वरिष्ठांनीही आम्हांला तेच सांगितले. पपा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी काही विचारले नसते. फार तर, मावशीकडे जाताना घेत ती कापडी पिशवी शोधली असती. अडचण अशी की येथे पन्नास-पन्नासांचे गठ्ठे करून परत घेता येईल असे काही नाही. तिच्या श्रवणयंत्राचा खर्च आम्ही करतो. ती मिस्साला आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या चर्चला जाते. महिन्यातून एकदा आम्ही तिच्या आईवडिलांच्या घरी जातो, चहा घेतो. कधी ती बाहेर येते, कधी येत नाही. त्या भेटीला काय म्हणावे ते आम्हांला ठाऊक नाही. तिचा होकार मागायला गेलो तेव्हा हा मजकूर तिने पूर्ण वाचला आणि 'डाव्या' हा शब्द घालायला सांगितला. आम्ही नुसते 'एका कानाने' असे लिहिले होते.

पपांचे ते चारशे शेअर आजही आमच्या घरी आहेत. आईने संतापाच्या भरात ते कपाटाच्या फळीवर साड्यांखाली कागद म्हणून अंथरले होते आणि पपांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते गेल्यावर महिन्याच्या मिस्सानंतर तिने ते स्वतःच काढले, कोपरे सरळ केले आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दर वर्षी पपांच्या वर्षदिनाला आम्ही घरी गेलो की ती डबा उघडते, कागद मोजते. आठ गठ्ठे भरतात. मग विचारते, "फादर, ती कंपनी सुरू झाली का रे?"

नाही, असे आम्ही सांगतो. ती झाकण लावते आणि डबा पुन्हा कपाटात ठेवते, पण वरच्या फळीवर, जेथे घराचे कागद आहेत.